बेणे बाहेरचे, पारख घरची



आडसाली लागणी उरकल्या आहेत आणि मोळीपूजनाला अजून अवकाश आहे. मधले हे दिवस वार्षिक सभेचे. यंदाच्या सभेपुढे काही सभासदांकडून एक सूचना येणार आहे, असे गटागटांतून कानावर येते. सूचना साधारण अशी. कारखान्याचा बेणे मळा आणि त्यातले चाचणी प्लॉट बंद करावेत, ती जमीन खंडाने द्यावी, रोपे बाहेरच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे हा सल्ला आता मोबाईलवर मिळतो, तो एखाद्या कंपनीकडून वर्गणी भरून घ्यावा. म्हणजे खर्च वाचेल आणि नवे तंत्रही घरात येईल.

सूचना करणारे सभासद काही कारखान्याचे वैरी नाहीत. दर टनामागचा खर्च कमी झाला तर चार पैसे उसाच्या बिलात येतील, हा त्यांचा हिशेब सरळ आहे. दुसऱ्या बाजूला माझ्याच खात्यातली काही जुनी मंडळी म्हणतात, "हे उपग्रह-बिपग्रह काही नको, पंचवीस वर्षे आपण बांधावर उभं राहून ऊस आणला, तसाच आणू." मला दोन्ही बाजू पटत नाहीत. का पटत नाहीत, ते सभेआधी सभासदांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी शेतकी खात्याचा माणूस आहे. मळा राहिला तर माझे खाते राहते. तेव्हा माझ्या बोलण्यातून तेवढी वजावट करूनच वाचा. काट्यावर मोळीचे बांधावे वजा करतो, तसे.

आता माझी एक चूक सांगतो. बरीच वर्षे झाली. एका बाहेरच्या कंपनीची माणसे आली. त्यांच्याकडे द्रवरूप औषध होते, फवारले की कांड्या लांबतात आणि फुटवा वाढतो म्हणत. त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातले प्लॉट दाखवले, ऊस खरोखर चांगला होता. मी भारावलो. सभासदांना ते औषध उधारीवर द्यावे, पैसे उसाच्या बिलातून कापावेत, अशी शिफारस मीच केली. वाटप झाले, फवारण्या झाल्या, हंगाम आला, ऊस तुटला. बिलातून कपात झाल्यावर एक जुने सभासद गट कार्यालयात आले. रागाने नव्हे, अगदी शांतपणे त्यांनी विचारले, "साहेब, औषध मारलेल्या उसाचं टनेज कळलं. न मारलेल्या सरीचं किती आलं, तेवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. न फवारलेली एक सरीसुद्धा मी कुठे राखली नव्हती. औषधाने काम केले असेल किंवा नसेलही, पाऊसमान चांगले होते म्हणूनही ऊस आला असेल. काय खरे, ते कळण्याची वाट मीच बंद करून ठेवली होती. त्या कंपनीला मी आजही दोष देत नाही. विकणारा विकणारच. पारखण्याचे काम माझे होते, ते मी केले नाही. त्या दिवसापासून मी मनाशी गाठ बांधली की नवी वस्तू कुठूनही येवो, पण एक सरी तिच्याशिवाय राखायची.

म्हणून बाहेरचे घ्यावे की घरचे करावे, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. उसाच्या धंद्यात निव्वळ घरचे असे काही कधी नव्हतेच. आपल्या शेतातल्या उसाचे नावच नीट वाचून पाहा.

को ८६०३२. यातले 'को' म्हणजे कोइमतूर. तामिळनाडूतल्या या गावी १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी तिथे लागवडीच्या उसाचा रानटी उसाशी संकर केला आणि १९१८ साली त्यातून को २०५ ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. उसाला तुरा आपल्याकडेही येतो, पण त्यात रुजणारे बी बहुधा धरत नाही. कोइमतूरच्या हवेत ते धरते. म्हणून देशभरच्या केंद्रांसाठी संकर तिथे होतात आणि बी तिथून सगळीकडे जाते. ८६०३२ मधले ८६ म्हणजे १९८६ साल, त्या साली या रोपाला क्रमांक मिळाला. पुढचे ०३२ हा त्या वर्षीचा अनुक्रमांक. महाराष्ट्रात तिची शिफारस झाली १९९६ साली, 'नीरा' या नावाने. क्रमांक मिळाल्यापासून आपल्या बांधावर यायला दहा वर्षे लागली.

या वाणाची वंशावळ तर आणखी लांबची आहे. तिचा बाप को सी ६७१, म्हणजे कोइमतूरच्या बियातून तामिळनाडूतल्याच कडलूर केंद्रात निवडलेला ऊस. त्या ६७१ ची आई क्यू ६३, ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. आपल्या आजोबांच्या काळी गाजलेल्या को ४१९ ची आई पीओजे २८७८, ती जावा बेटावर डच शास्त्रज्ञांनी तयार केलेली. म्हणजे इंदापूरच्या शेतकऱ्याने अभिमानाने 'आपला ऊस' म्हणून मोळीला बांधलेल्या उसात जावा आहे, ऑस्ट्रेलिया आहे, तामिळनाडू आहे. यात कमीपणा काही नाही. शहाण्या माणसाने चांगले बेणे जिथे मिळेल तिथून आणावे.

आता दुसरे नाव वाचा. को एम ०२६५, म्हणजेच आपली फुले २६५. 'को' कोइमतूरचा, 'एम' महाराष्ट्राचा. बी तिकडचे, पण त्या बियाची रोपे वाढवून त्यातून हे एक रोप निवडले ते आपल्या शेजारच्या पाडेगावने. हे केंद्र नीरा नदीच्या काठी, फलटण तालुक्यात, १९३२ पासून उसावर काम करते आहे. २००२ साली २६५ ला क्रमांक मिळाला, २००७ साली शिफारस झाली. संकर कोइमतूरने करून दिला, तरी आपल्या काळ्या, खारवट, पाटपाण्याच्या जमिनीत कोणते रोप टिकेल ते कोइमतूरला कसे कळावे? त्यासाठी ते पाडेगावच्या मातीतच लावून पाहावे लागले. बेणे बाहेरचे आणि पारख घरची, हे त्या तीन अक्षरांतच लिहिलेले आहे.

आणि पाडेगावपाशीही काम संपले नाही. २६५ आली तेव्हा बऱ्याच कारखान्यांनी तिच्या नोंदी घ्यायला काचकूच केली, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. टनेज भरपूर, क्षारपड जमिनीत तग धरते, खोडवाही चांगला. पण साखर उशिरा भरते. हंगामाच्या तोंडाला तोडली की उतारा पडतो. शेतकऱ्याला टन हवा आणि कारखान्याला उतारा हवा, असा तो तंटा. तो मिटवणार कोण? पाडेगाव वाण देईल, पण आपल्या टेलच्या गावात ती कोणत्या महिन्यात तोडायची आणि उजनीच्या फुगवट्याच्या कडेला कोणत्या महिन्यात, ते पाडेगाव सांगू शकत नाही. ते आपल्याच प्लॉटमधला ऊस दर पंधरवड्याला आपल्याच प्रयोगशाळेत पिळून कळते. चाचणी प्लॉट बंद केला तर हे सांगायला उद्या कुणी नाही. मग सरसकट सगळ्यांना एकच तारीख लागेल आणि त्यात कुणाचे टन जातील, कुणाचा उतारा जाईल.

बाहेरचे ज्ञान आणि घरचे हात एकत्र आले की काय होते, ते मी नोकरीच्या पहिल्या दिवसांत पाहिले. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी मावा आला. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी लोकर, खालच्या पानांवर काळी बुरशी, शेतात शिरले की कपडे चिकट. मी तेव्हा नुकताच पदविका घेऊन चिकटलो होतो. उंच उसात फवारणी कशी करायची? पाठीवर पंप घेऊन माणूस आत गुदमरायचा. आणि औषधाने मित्रकीटकही मरायचे. या माव्याला खाणारे किडे कोणते, ते शोधून दिले शास्त्रज्ञांनी. डिफा आणि मायक्रोमस ही नावे त्या काळात आम्हाला पाठ झाली होती. पण ते किडे विद्यापीठातून प्रत्येक शेतात कोण नेऊन सोडणार? कारखान्यांनी हिरव्या जाळीच्या मांडवात ते वाढवले. आम्ही अळ्या असलेली पानांची तुकडी खोक्यात घालून मोटारसायकलवरून गावोगाव नेली. सभासदांनी ती आपापल्या उसात टाचली, आणि ज्यांच्याकडे किडे वाढले त्यांनी शेजाऱ्याला दिली. शोध शास्त्रज्ञांचा होता, पण तो बांधावर पोचला तो आपल्या खात्याच्या आणि सभासदांच्या पायांनी. तेव्हा आपल्याकडे शेतकी खाते नसते, माहीत असलेली माणसे नसती, तर तो शोध कागदावरच राहिला असता.

उसाबाहेरचे उदाहरण हवे असेल तर लांब जायला नको. वालचंदनगर आपल्याच तालुक्यात आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात तिथे माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. त्या काळी साखरेची यंत्रे परदेशातून यायची. पुढे त्याच गावच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली. आज तिथे इस्रोच्या प्रक्षेपकांचे भाग तयार होतात. २०२३ साली चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या यानातही त्यांचा वाटा होता. आराखडा इस्रोचा, हात वालचंदनगरचे. त्यांनी रॉकेटचा शोध लावला नाही, पण धातू कसा वळवायचा, सांधा कसा तपासायचा ही विद्या त्यांनी घरात राखली होती. म्हणून इस्रोला त्यांच्या दारात यावेसे वाटले. ज्याच्या घरात काहीच विद्या नाही, त्याच्याकडे सहकार्याला कुणी येत नाही. त्याच्याकडे फक्त विकायला येतात.

हे शेवटचे वाक्य सभासदांनी ध्यानात ठेवावे.

काही जण विचारतील, एकट्या कारखान्याला संशोधन परवडते का? नाही परवडत. टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा, संकर, नव्या वाणांची पैदास हे एकट्याचे काम नव्हेच. महाराष्ट्राच्या सहकाराने यावर १९७५ सालीच तोड काढली. कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट काढली. वसंतदादा गेल्यानंतर तिला त्यांचे नाव मिळाले, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कारखाने गाळपाच्या हिशेबाने वर्गणी देतात आणि बेणे, तपासणी, प्रशिक्षण सगळ्यांना मिळते. या संस्थेने सिंधुदुर्गात आंबोलीला उसाच्या संकराचे केंद्रही उभे केले, कारण तिथल्या दमट हवेत तुऱ्याला बी धरते. म्हणजे एके काळी कोइमतूरशिवाय जे होत नव्हते, त्यातले काही आता आपल्या राज्यात होते. गाव करी ते राव न करी म्हणतात ते असे. एकट्याला झेपत नाही ते मिळून करायचे. ही संस्था 'बाहेरची' नव्हे, ती आपल्या सगळ्यांच्या सामाईक विहिरीसारखी आहे. पण सामाईक विहिरीचे पाणी आपल्या रानात आणायला पाट आपलाच लागतो. तो पाट म्हणजे आपला बेणे मळा. मांजरीचे मूलभूत बेणे शंभर ठिकाणी थोडे थोडे येते. ते आपल्या मळ्यात वाढवून, काणी आणि गवताळ वाढीची बेटे उपटून टाकून पुढे पायाभूत आणि प्रमाणित करायचे, तेव्हा ते प्रत्येक सभासदापर्यंत पोचते. पाट बुजवला तर विहीर भरलेली असून रान कोरडे.

आता मोबाईलवरच्या सल्ल्याविषयी. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांना बरोबर घेऊन उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला, हे बहुतेकांनी ऐकले आहे. कित्येकांनी शारदानगरला जाऊन पाहिलेही. उपग्रहाचे फोटो, शेतातले हवामान केंद्र आणि मातीतले सेन्सर यांची माहिती एकत्र करून कुठे पाणी हवे, कुठे खत कमी आहे, कुठे रोगाची शंका आहे ते शेतकऱ्याच्या मोबाईलवर येते. मला हे तंत्र फार मोलाचे वाटते. पाटाच्या पाण्याची पाळी लांबते तेव्हा कोणत्या तुकड्याला आधी पाणी द्यावे, हे कळले तर टेलच्या शेतकऱ्याचे किती भले होईल! आपल्या खारवट रानात जादा पाण्यानेच नुकसान झाले आहे, तिथे तर हे हवेच.

पण बारामतीने हे कसे केले, तेही पाहा. संगणकाची ताकद मायक्रोसॉफ्टची, शास्त्र ऑक्सफर्डचे. पण प्रक्षेत्र ट्रस्टचे, कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ ट्रस्टचे, शेतकऱ्यांशी नाते ट्रस्टचे. १९७१ सालापासून त्या संस्थेने मातीत जी मेहनत केली, तिच्या जोरावर हे पाहुणे तिच्या दारात आले. आधी स्वतःच्या रानात लावून पाहिले, मग शेतकऱ्यांकडे गेले. आपण मात्र स्वतःचे रान खंडाने देऊन, माणसे कमी करून तेच तंत्र आणू म्हणतो. सेन्सर म्हणाला, पाणी द्या. तो चुकला की बरोबर, ते ओंजळभर माती हातात घेऊन सांगणारा माणूसच आपल्याकडे उरला नाही तर? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची वेळ येते ती अशी.

माझ्या खात्यातल्या जुन्या मंडळींनाही दोन शब्द. पंचवीस वर्षांचा अनुभव खरा, पण अनुभवालाही कीड लागते. को ७४० वर आपण असाच विश्वास टाकून बसलो होतो. तिने वर्षानुवर्षे राज्य केले, पुढे काणीला बळी पडू लागली. 'आमचं आम्हाला कळतं' म्हणत बसलो असतो तर कोइमतूर आणि पाडेगावचे नवे वाण आपल्यापर्यंत आलेच नसते. घरची पारख म्हणजे बाहेरच्याला दार बंद करणे नव्हे. आलेल्याला ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे, आणि माल नीट बघूनच घ्यायचा.

म्हणून सभेने काय करावे, याबद्दल माझे म्हणणे असे.

पहिले, बेणे मळा आणि चाचणी प्लॉट चालू ठेवावेत. खर्च कमी करायचा असेल तर जरूर करा, पण जमीन खंडाने देऊ नका. एकदा गेलेली घडी परत बसत नाही.

दुसरे, जे दुसरे लोक आपल्यापेक्षा चांगले करतात ते आपण करायचा हट्ट सोडावा. संकर, टिश्यू कल्चर, उपग्रहाचे काम बाहेरच्यांचे. रोपेही बाहेरून घ्यायला हरकत नाही, पण ती कोणत्या बेण्याची आहेत ते तपासून.

तिसरे, मोबाईल सल्ल्याचा करार करावा, पण पहिली दोन वर्षे थोड्या क्षेत्रावर. एक प्लॉट पाटाच्या वरच्या अंगाला, एक टेलला, एक फुगवट्याच्या कडेला. प्रत्येक ठिकाणी शेजारचा तेवढाच तुकडा नेहमीच्या पद्धतीने. दोन्हींचे वजन आपल्या काट्यावर, उतारा आपल्या प्रयोगशाळेत.

चौथे, करारात लिहून घ्यावे की सभासदाच्या शेताची माहिती सभासदाची आहे. कंपनी बदलली तरी आपल्या मातीचे दप्तर आपल्याकडे राहिले पाहिजे.

पाचवे, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, निकाल काहीही लागो, तो याच पत्रिकेत छापावा. फसलेला प्रयोगही छापावा. माझा फसलेला प्रयोग मी वर छापलाच आहे. तो त्याच वेळी छापला असता तर शेजारच्या गटात दुसऱ्या वर्षी तेच औषध गेले नसते.

आणि एक सभासदांसाठी. शोध काही फक्त प्रयोगशाळेत लागत नाहीत. पाचट न जाळता सरीत कुजवणारे, एक डोळ्याची रोपे घरच्या परसात तयार करणारे, खोडव्याच्या बगला वेगळ्या रीतीने फोडणारे सभासद गावोगाव आहेत. तुम्ही काही नवे करून पाहिले असेल तर चिटबॉयजवळ चार ओळी लिहून द्या. फक्त सोबत एवढे लिहा की न केलेल्या सरीचा ऊस किती आला.

सभेला या. सूचनेच्या बाजूने या, विरोधात या, पण या. जुन्या सभासदांनी मला विचारलेला प्रश्न आता मीच तुम्हाला विचारतो आहे. मळा बंद केल्यावर काय वाचले, ते ताळेबंदात दिसेल. पण मळा राहिला असता तर काय मिळाले असते, त्याचे उत्तर द्यायला एकही सरी शिल्लक नसेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊसविकास अधिकारी